पांझरेच्या काठी गळतीचा शोध

खानदेशात जावयाचे ते मार्गशीर्ष-पौषात जावे, असे आमच्या घरी पूर्वापार म्हणत आले आहेत. त्या दिवसांत तापीच्या खोऱ्यातील हवा कोरडी व सुखकर असते, वेचणीस आलेला कापूस रानोरान पांढरा दिसत असतो, आणि भरिताच्या वांग्यांना थंडीत जी चव येते ती पुढे राहत नाही. परंतु गेल्या पौषात आम्ही निघालो ते हवेसाठी नव्हे, वांग्यांसाठीही नव्हे. आमच्या आत्याबाईंस ८४ वे वर्ष लागले. त्यांचे बालपण धुळ्यास गल्ली नंबर ४ मध्ये गेले. "एकदा ते घर डोळ्यांनी पाहू द्या, मग मला कोठे म्हणून नेऊ नका," असा धोशा त्यांनी दिवाळीपासून लावला होता. आगगाडीच्या पायऱ्या त्यांच्या गुडघ्यांस मानवत नाहीत. तेव्हा छत्रपती संभाजीनगराहून घरच्या मोटारीनेच जावे असे ठरले, आणि एका गुरुवारी सकाळी आत्याबाई, काकू, आम्ही उभयता, धाकटे बंधू, आमचे चिरंजीव व पुतणी अशी सात माणसे बाहेर पडलो.

या मोटारीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ती आमच्या कै. काकांनी २००१ साली घेतली. एकत्र कुटुंबास पुरेल अशी ऐसपैस, आणि त्या वेळी आमच्या आळीत जिची अपूर्वाई होती ते पॉवर स्टीयरिंग असलेली. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होऊन ती वाढवून घ्यावी लागते. त्याप्रमाणे २०१६ व २०२१ साली ती वाढवून घेतली. २०२६ साली पुन्हा वाढवून घ्यावयाची, की गाडीच मोडीत काढावयाची, यावर घरात दोन पक्ष पडले होते. बंधूंचा व तरुण मंडळींचा कल मोडीकडे होता; मात्र काकूंपाशी तो विषय काढण्यास कोणी धजत नव्हते.

पॉवर स्टीयरिंग म्हणजे काय हे मोटार चालविणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसते. आम्हांस तरी कोठे होते? एंजिनाच्या पट्ट्यावर एक लहानसा पंप फिरत असतो. तो डबीतील तेल ओढून घेतो व एका जाड नळीवाटे मोठ्या दाबाने खाली, पुढील दोन चाकांच्या मध्ये आडव्या बसविलेल्या लांबट पेटीत ढकलतो. या पेटीस रॅक म्हणतात. चालकाने चक्र ज्या बाजूस फिरविले असेल त्या बाजूस हे तेल रॅकमधील दांड्यास रेटा देते, आणि काम झाले म्हणजे दुसऱ्या, मऊ नळीवाटे डबीत परत येते. हा दाब साधा नव्हे. चक्र पूर्ण वळविले असता तो हवेच्या स्वाभाविक दाबाच्या ६०-७० पट, कधी त्याहूनही अधिक होतो. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन एंजिनियराने ही युक्ती १९२६ साली एका पिअर्स-ॲरो मोटारीवर चालवून दाखविली. पण विक्रीच्या मोटारीत ती येण्यास १९५१ साल उजाडावे लागले, व तो मान क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीस मिळाला. आताच्या नव्या लहान मोटारींत तेलाऐवजी विजेची मोटर हे काम करते, त्यामुळे आम्ही भोगली ती कटकट पुढील पिढीस बहुधा ऐकूनच माहीत असेल.

आमच्या डबीतील तेल श्रावणापासून उतरू लागले होते. गाडी उभी राहते त्या फरशीवर रुपयाएवढा डाग पडे. मोलकरीण तो पुसून टाकी. चक्र फिरविताना कण्हल्यासारखा आवाज आला की कोणीतरी बॉनेट उघडून डबीत थोडे तेल घाली, आवाज थांबे, व ज्याने तेल घातले तो आपण घराचे एक काम उरकले अशा समाधानात राही. एकत्र कुटुंबात अशा कामांची एक गंमत असते. बंधू तेल घालीत, ते आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही घालीत असू, ते चिरंजीवांस ठाऊक नव्हते. आणि चिरंजीवांनी काय घातले ते तर पुढे धुळ्यासच उघडकीस आले. एकूण तेल किती गेले याचा हिशेब चौघांपैकी एकापाशीही नव्हता. किंबहुना हिशेब ठेवावयाचा असतो हेच कोणास सुचले नाही.

कन्नडपर्यंतचा प्रवास गप्पांत झाला. कन्नडच्या पुढे पठार संपते आणि रस्ता औट्रम घाटाने एकदम खानदेशात उतरतो. वरून चाळीसगावचा मुलूख धुक्यात पसरलेला दिसत होता. याच डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिला, असे सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला, हे आम्ही पुतणीस मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तेवढ्यात पंप कण्हू लागला. बंधूंनी ऐकले न ऐकले केले. दुसरे वळण गेले. तिसऱ्या वळणावर गाडी हळू झाली, आणि चक्र फिरविता फिरविता मध्येच दगडासारखे जड झाले.

पॉवर स्टीयरिंग बंद पडले म्हणजे चाके वळत नाहीत असे नव्हे. चक्र व चाके यांचा लोखंडी संबंध कायम असतो. केवळ तेलाचा हातभार नाहीसा होतो. हे आम्हांस आता समजते. त्या क्षणी बंधूंस एवढेच समजले की खालून मालमोटार येत आहे, डाव्या हातास कठडा आहे, आणि हातांतील चक्र पाहिजे तितके वळत नाही. ते चक्रावर अक्षरशः ओणवे झाले. चाक कठड्याच्या दगडास घासल्याचा आवाज आला. मालमोटारवाल्याने आपली गाडी थांबविली, त्या भल्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. गाडी उभी राहिली तेव्हा आत कोणीही बोलत नव्हते. मागे आत्याबाई तेवढ्या, "काय रे, आले का धुळे?" असे विचारीत होत्या, त्यांचा डोळा लागला होता.

बॉनेट उघडून पाहतो तो डबी कोरडी. जवळची बाटली रिकामी केली, तेव्हा पाते तेलास लागले. पुढे घाट उतरेपर्यंत बंधूंनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने आणली.

घाटाखाली रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथील माणसाने वाकून खाली पाहिले. रॅकच्या डाव्या टोकास रबरी पिशवी असते, तिला मिस्त्रीमंडळी बूट म्हणतात. तिच्यावरून तेल ठिबकत होते. तेवढे पाहून तो म्हणाला, "रॅक गेला. दुसरा घाला." किंमत त्याने पाच आकडी सांगितली, आणि एवढ्या जुन्या गाडीचा रॅक मिळेल की नाही याचीही हमी देईना. बंधूंनी आमच्याकडे पाहिले. मोडीचा पक्ष त्या एका वाक्याने जिंकल्यासारखा झाला होता. काकू काही बोलल्या नाहीत. त्या गाडीच्या दारावर हात ठेवून रस्त्याकडे पाहत उभ्या होत्या.

मेहुणबाऱ्यास गिरणा ओलांडली, वाटेत दोनदा थांबून तेल घातले, आणि दिवस मावळताना धुळ्यास पोहोचलो. देवपुरात आत्याबाईंच्या मावसबहिणीचे चिरंजीव राहतात, त्यांच्याकडे उतरलो. रात्री पानात कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत व शेंगदाण्याची चटणी होती. एरवी जिच्यावर आडवा हात मारला असता त्या जेवणात आमचे लक्ष नव्हते. यजमानांनी सर्व हकीकत ऐकून घेतली व म्हणाले, "नवा रॅक घेण्यापूर्वी आमच्या आबा मिस्त्रींस दाखवा."

धुळे हे मोटारीचा आजार बरा करून घेण्यास वाईट गाव नाही. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता, सुरतेहून नागपुरास जाणारा रस्ता आणि सोलापुराकडून येणारा रस्ता हे तिन्ही येथे एकत्र येतात. मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस. असे गाव मिस्त्रींचे होणारच. गावाची मांडणीही मौजेची आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी जुन्या गावाच्या लगत नवी पेठ आखविली, तिच्यातील रस्ते सरळ व एकमेकांस समांतर. त्या गल्ल्यांस आजही नुसते आकडे आहेत. नवख्या माणसास अशा गावात चुकणे कठीण. पण आत्याबाईंस त्यांचे घर सापडण्यास शुक्रवारी सकाळी अर्धा तास लागला. जेथे ओटा होता तेथे कापडाचे दुकान आहे. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, आणि त्यांनी "येथे उखळ होते, येथे आमचे कपाट होते," असे सांगितलेले सर्व निमूटपणे ऐकून घेतले. आत्याबाई रडतील असे आम्हांस वाटले होते. त्यांनी उलट दुकानदाराशी अस्खलित अहिराणीत भाव करून दोन खण घेतले.

इकडे चाळीसगाव रस्त्यावर आबा मिस्त्रींच्या गॅरेजात आमची परीक्षा सुरू झाली होती. सत्तरीचे, किडकिडीत, डोळ्यांस जाड भिंगाचा चष्मा. बॉनेट उघडण्यापूर्वीच त्यांनी विचारले, "किती दिवसांत किती तेल घातलेत, साहेब?" आम्ही बंधूंकडे पाहिले, बंधूंनी चिरंजीवांकडे. गाडीच्या मागील भागातून तीन रिकाम्या बाटल्या निघाल्या. मिस्त्रींनी त्या एका ओळीत मांडल्या, तिसरी उचलून वास घेतला, आणि चिरंजीवांस विचारले, "हे एंजिनाचे तेल कोणी घातले?" चिरंजीवांनी मान खाली घातली. एके रात्री दुसरे तेल नव्हते, म्हणून जे होते ते त्यांनी घातले होते.

यात वाईट असे झाले की रोगाची एक खूण आम्हीच पुसून टाकली होती. आमच्या गाडीच्या पॉवर स्टीयरिंगला जे तेल लागते त्यास मुद्दाम लाल रंग दिलेला असतो. डबीच्या झाकणावर कोणते तेल घालावे तेही लिहिलेले असते. एंजिनाचे जुने तेल काळे, थंडाव्याचे पाणी बहुधा हिरवे, आणि हे लाल. त्यामुळे खाली पडलेल्या थेंबावरून गळती कोणाची ते सहज ओळखावे. आमचा थेंब मात्र तपकिरी झाला होता. "ब्रेकचे तेल घातले नाहीत हे नशीब," मिस्त्री म्हणाले. ब्रेकच्या तेलाने या यंत्रातील रबरी सील फुगून मऊ पडतात व मग खरोखरच सगळे बदलावे लागते.

आम्ही त्यांस घाटाखालच्या माणसाचे निदान सांगितले. मिस्त्री गाडीखाली शिरले, डाव्या बुटास बोटाने दाबून पाहिले, त्याची पट्टी सैल करून आत बोट फिरविले, व बाहेर येऊन ते बोट आम्हांस दाखविले. कोरडे होते. रॅकचे आतील सील गेले असते तर तेल या पिशवीत साठले असते. येथे पिशवी आतून कोरडी व बाहेरून ओली. याचा अर्थ तेल रॅकमधून येत नव्हते, दुसरीकडून येऊन रॅकवर पडत होते. बुटास ते नुसते लोंबत होते. मग ते अहिराणीत म्हणाले, "तेल कथा पडनं ते देखू नका, कथाईन उनं ते देखा." तेल पडले कोठे ते पाहू नका, आले कोठून ते पाहा.

परंतु पाहावयाचे कसे? सहा महिन्यांचे तेल व धूळ मिळून सगळा भाग काळाकुट्ट झालेला. मिस्त्रींनी प्रथम दिवा वा हत्यार हाती घेतलेच नाही. त्यांच्या हाताखालच्या मुलाने रॉकेल व ब्रश घेऊन पंप, डबी, दोन्ही नळ्या, रॅक असे सर्व दोन तास घासून धुतले, पुसले, वाऱ्यावर वाळविले. रोग्यास आधी आंघोळ घालणारा हा वैद्य आम्हांस फार आवडला. मग त्यांनी तोंडास लावावयाची पावडर मागितली. ती पुतणीच्या पिशवीत होती. धुतलेल्या सर्व भागावर त्यांनी ती पातळ भुरभुरली, खाली जुने वर्तमानपत्र पसरले, एंजिन चालू करविले, आणि बंधूंस चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरविण्यास सांगितले. टोकास नेऊन मात्र दोन-चार क्षणांपेक्षा अधिक धरावयाचे नाही. तेथे दाब कमाल होतो, तेल तापते व पंपास इजा होते.

पहिल्या चार फेऱ्यांत काही दिसले नाही. पाचव्या वेळी चक्र उजव्या टोकास गेले असता जाड नळीचा वरचा सांधा, जेथे रबर लोखंडी तोटीत दाबून बसविलेले असते तेथे, पावडरीवर मोहरीएवढा ओला ठिपका उमटला. चक्र मागे फिरले, ठिपका स्थिर राहिला. पुन्हा टोकास गेले, ठिपका वाढला व त्यातून एक बारीक रेघ निघाली. ती नळीच्या अंगाने खाली उतरली, लोखंडी नळीवर आली, तेथून रॅकच्या पाठीवर, आणि पाठीवरून वाहत वाहत हातभर अंतर जाऊन डाव्या बुटाशी थेंब होऊन लोंबू लागली. चिरंजीवांनी "हे पाहा!" म्हणून बोट पुढे केले तो मिस्त्रींनी त्यांच्या मनगटावर फटका मारला. "हात नको, पुठ्ठा धर." इतक्या दाबाचे तेल सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघत असले तर कातडी भेदून आत जाते, व ती जखम दिसण्यास लहान पण भयंकर असते, असे त्यांनी सांगितले. घरी स्वतः बॉनेट उघडून पाहणाऱ्या वाचकांनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे.

दुसरा दोषही निघाला. परतीची मऊ नळी लाकडासारखी कडक झाली होती, आणि डबीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीची पट्टी सैल पडली होती. या बाजूस दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून तेथे तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. पंपाचे ते कण्हणे निम्मे त्या हवेचे होते. डबीतील तेलास फेस दिसे तो त्याचाच.

दुपारी नळी काढताना मिस्त्री बोलू लागले. त्यांचे आजोबा साक्री तालुक्यात फडावर पाटकरी होते. पांझरेच्या काठची फड पद्धती वाचकांपैकी काहींस ऐकून माहीत असेल. नदीत ठिकठिकाणी बंधारे घालून पाणी पाटात वळवावयाचे, गावच्या बागायतीचे तीन-चार फड पाडून एकेका फडात एकेक पीक घ्यावयाचे, आणि पाणीवाटपाचा कारभार शेतकऱ्यांनी आपसात पाहावयाचा. पाणी देणारा तो पाटकरी, पिके राखणारा जागल्या, आणि सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार. कित्येक शतके चाललेली ही व्यवस्था आता विहिरी, धरणे व बदललेली पिके यांमुळे पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. पाटास भगदाड पडले म्हणजे पाणी भलत्याच शेतात वर येते. नवखा माणूस त्या शेतात माती टाकीत बसतो. आजोबा मात्र ओलीच्या कडेने उलटे चालत वर जात, आणि जेथे ओल संपून कोरडे लागे तेथे थांबत. "मी तरी दुसरे काय केले?" मिस्त्री म्हणाले.

आम्हांस विश्वेश्वरय्यांची आठवण झाली. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते लागले आणि तरुणपणीच खानदेशात आले. पांझरेच्या एका प्रवाहाखालून नळ घालून पलीकडे पाणी नेण्याचे काम त्यांस देण्यात आले. साक्री तालुक्यातील दातर्तीचा तो सायफन. ऐन पावसाळ्यात काम अंगावर आलेले, पूर येऊन वाळू भरे, व या तरुण एंजिनियराने पावसाळा संपेपर्यंत काम लांबवावे असे वरिष्ठांस कळविले तो त्यांच्याकडून कानउघाडणी झाली. मग त्यांनी ते तसेच पुरे केले. उघड्या पाटाचे पाणी कोठे मुरते ते चालत जाऊन पाहता येते, पण बंद नळात दाबाखाली चाललेले पाणी सांध्यालाच आपली परीक्षा घेते. दातर्ती पाहून यावी असे फार मनात होते. शनिवारचा दिवस नळीच्या मागे गेला, व ते राहून गेले.

नळी मिळविणे हे प्रकरण सोपे नव्हते. एवढ्या जुन्या गाडीची तयार नळी धुळ्यात कोणापाशी नव्हती. एका दुकानदाराने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर दोन क्लिपा आवळण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने गळती बंद करणारे औषध म्हणून एक बाटली पुढे केली. मिस्त्रींनी दोन्ही नाकारले. पट्टी त्या दाबास एक घाटही टिकावयाची नाही. औषधाने जुने रबरी सील फुगतात व पाझर काही दिवस थांबतो, पण फाटलेल्या नळीस त्याचा काय उपयोग? शिवाय हे तेल पेट घेते. नळीखालून एंजिनाचा तापलेला धुराचा नळ जात होता. तेलाची चिळकांडी त्यावर उडाली असती तर कन्नडच्या घाटात काय झाले असते याचा विचार आम्ही पुरता केला नाही, करवला नाही.

शेवटी आग्रा रस्त्यावर ट्रॅक्टर व माती उकरणाऱ्या यंत्रांच्या नळ्या करून देणाऱ्या दुकानात आमचे काम झाले. जुन्या नळीची दोन्ही लोखंडी टोके कापून घेतली, त्यांवर तेवढाच दाब व उष्णता सोसणारी, आत पोलादी तारांचे विणकाम असलेली नवी रबरी नळी चढविली, आणि यंत्राने तोट्या सर्व बाजूंनी सारख्या दाबून बसविल्या. पाऊण तासाचे काम. मोजमाप मात्र मिस्त्रींनी तीनदा केले, कारण नळी बोटभर आखूड झाली तर एंजिनाच्या हेलकाव्याने ताणते, व लांब झाली तर तापलेल्या नळास टेकते. परतीची नळी तेलास टिकणारी नवी घेतली. सांध्यांच्या तांब्याच्या चकत्याही नव्या घातल्या. त्या चकत्या पुन्हा वापरण्याची काटकसर करू नये, असे त्यांचे मत पडले.

मग यंत्राची शुद्धी. पुढील चाके जॅकवर उचलून परतीच्या नळीचे टोक एका बाटलीत सोडले, डबीत नवे लाल तेल घालीत चक्र फिरवीत राहिलो. प्रथम काळपट, मग विटकरी, आणि अखेर स्वच्छ लाल तेल बाहेर येऊ लागले. नळी जोडून एंजिन बंद ठेवूनच चक्र वीसएक वेळा या टोकापासून त्या टोकास नेले; दर फेरीस डबीत बुडबुडे येत व तेल थोडे खाली जाई, ते भरावयाचे. बुडबुडे थांबल्यावरच एंजिन सुरू केले. क्षणभर कण्हणे ऐकू आले आणि विरले. काकूंनी बाहेरूनच, "आता हिचा आवाज तिच्यासारखा आला," असे म्हटले. त्या सकाळपासून गॅरेजाच्या बाकावर बसून होत्या हे आमच्या तेव्हा ध्यानात आले.

एकंदर खर्च घाटाखालच्या माणसाने सांगितलेल्या रकमेचा दशांशही झाला नाही. मिस्त्रींनी पैसे घेताना एक अट घातली. एक लहान वही गाडीत ठेवावयाची, आणि जो कोणी तेल घालील त्याने तारीख, माप व आपले नाव लिहावयाचे. चिरंजीवांनी तेथेच कोपऱ्यावरून वही आणली.

रविवारी सकाळी निघण्यापूर्वी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आलो. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले, व पुढच्याच वर्षी हे मंडळ उभे राहिले. गावोगावच्या दफ्तरांतून त्यांनी धुंडाळलेल्या कागदांचा वारसा येथे सांभाळला आहे. आत्याबाईंचे मन मात्र तुरुंगाकडे लागले होते. १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, ती धुळ्याच्या तुरुंगात. आत्याबाईंचा जन्म त्यानंतरचा. पण वडिलांच्या तोंडून त्यांनी ती हकीकत इतक्यांदा ऐकली होती की आपण तेथे होतोच, अशा थाटात त्या पुतणीस सांगत होत्या. भिंत बाहेरून पाहून त्यांनी गाडीतूनच नमस्कार केला.

परतीस घाट चढताना गाडीत पुन्हा कोणी बोलत नव्हते. त्या वळणाशी कठड्यावर आमच्या चाकाचा काळा ओरखडा दिसला. बंधूंनी चक्र दोन बोटांनी फिरविले असते तरी चालले असते. त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. माथ्यावर गाडी थांबवून सर्वांनी चहा घेतला, आणि चिरंजीवांनी आपण होऊन बॉनेट उघडले व वहीत लिहिले: "रविवार. तेल घातले नाही."

सोमवारी पहाटे आम्ही उठलो तो काकू अंगणात होत्या. रात्री त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले होते, ते त्या वाकून ओढून घेत होत्या. घरात येऊन त्यांनी तो कागद चहा घेत बसलेल्या बंधूंपुढे मेजावर पसरला. त्यावर थोडी धूळ होती, डाग एकही नव्हता.

"मोडीत घालू ना?" काकूंनी विचारले.

बंधूंनी कागदाची घडी केली. "एवढा कागद घाला," ते म्हणाले.